ऊन वाढलंय

“ऊन वाढलंय, या गं!”

सकाळी अकरा वाजता स्टीलच्या ताटलीवर चमचा बडवून कुणी अशी हाळी दिली तर तुम्ही काय समजाल? मी नागपूरची. आमच्याकडे ऊन वाढलं की माणसं दारं-खिडक्या लावतात, कूलरमध्ये पाणी भरतात आणि बाहेर पडणाऱ्याच्या खिशात कांदा कोंबतात. तेव्हा मी आपली उठले, खिडकी लावली, पडदा ओढला आणि लॅपटॉपपुढे येऊन बसले. पाच मिनिटांत दारावर थाप. दारात घरमालक, हातात ताटली.

“काय गं पोरी, ऊन वाढलंय म्हंतोय नव्हं? इस्त्री कर, मशीन लाव, काय असंल ते कर. वाया चाललंय की सगळं!”

मग माझी ट्यूब पेटली. त्यांचं ‘वाढलंय’ हे ‘पान वाढलंय’ मधलं होतं. गच्चीवर सोलरची बारा पॅनेलं त्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाली होती, उन्हाचं ताट वाढून तयार होतं, आणि मी करंटी जेवायला न येता खिडकी लावून बसले होते.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे निपाणीकडचे, बंगळुरूच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेले, आणि निवृत्तीनंतर कोरमंगलातल्या आपल्या एकमजली घरावर नजर ठेवून असलेले. खाली ते आणि त्यांची बायको अक्का, वरच्या खोल्यांत मी. मी खोली बघायला आले तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, खाणंपिणं विचारलं नाही. एवढंच विचारलं, “अंधाराची भीती वाटती काय?” मी म्हटलं, नाही. “मग बेस. दिवे घालवून झोपशील.” साऱ्या घराला मीटर एकच, त्यामुळे वीज भाड्यातच धरलेली. हे ऐकून मी मनातल्या मनात गीझरखाली तासभर उभी राहिले. बाप्पा, किती भाबडी होते मी!

पॅनेलं यायच्या आधीचे अण्णा म्हणजे निव्वळ छळ. मी मोरीतून खोलीत येईपर्यंत मोरीचा दिवा गेलेला असायचा. जिन्यातून आवाज यायचा, “आत कोण हाय? कोण न्हाई? मग दिवा कुणासाठी?” एकदा मी सांगितलं, अण्णा, देवासाठी. तर म्हणाले, “देवाला दिसतंय अंधारात.” फ्रीज उघडून दोन क्षण विचार करत उभं राहिलं तर अक्कालासुद्धा ऐकावं लागायचं: “विचार बाहेर कर, मग दार उघड.”

आणि मग दिवाळीत पॅनेलं आली आणि हाच माणूस अकरा ते तीन या वेळात दानशूर कर्ण झाला. कर्ण तसाही सूर्याचाच मुलगा, तेव्हा शोभलंच म्हणा. समोरच्या घरातली कन्नड अज्जी भिजवलेले तांदूळ-उडीद घेऊन आमच्या ग्राइंडरवर वाटायला यायची. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याला अण्णा हात करून थांबवायचे आणि चार्ज करून जा म्हणायचे. डिलिव्हरीची पोरं आधी घाबरायची. पुढे पुढे आमच्या फाटकाशी दोन-तीन स्कूटरी बांधलेल्या म्हशींसारख्या उभ्या असायच्या आणि अण्णा त्यांच्यामधून कौतुकानं फिरायचे.

तीन वाजले की मात्र कर्ण संपला. अण्णांच्या लेखी वीज दोन प्रकारची, ताजी आणि शिळी. अकरा ते तीन ताजी. पाचपर्यंत कोमट. त्यानंतर तारेतून येते ती शिळी. ती औषधासारखी घ्यायची, गरजेपुरती. पॅनेलं बसवणारा इंजिनिअर, तिकडचाच एक शांत कन्नड मुलगा, बिचारा समजावून समजावून थकला. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तेवढीच परत मिळते, मीटर वजाबाकी करतो. कधीही वापरा, हिशेब तोच.

“असं कसं?” अण्णा म्हणाले. “सकाळचं धारोष्ण दूध मी शेजाऱ्याला द्यायचं, आणि रात्री त्याच्याकडनं कुठल्या म्हशीचं काय यील ते प्यायचं?”

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले.

तर ताज्या विजेपायी माझ्या आयुष्याला शिस्त लागली. घरच्यांनी बावीस वर्षं डोकं फोडून जमलं नव्हतं ते. मी घरून काम करायची, त्यामुळे अंघोळ साडेअकराला. कपडे बाराला. इस्त्री साडेबाराला, मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद करून. एकदा मॅनेजर पुण्याहून बोलत होता आणि खालून ताटली वाजली. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे नैवेद्य असतो या वेळेला. ते काही अगदीच खोटं नव्हतं. दर रविवारी अण्णा पॅनेलांना अंघोळ घालायचे. मऊ धोतराचं फडकं, बादलीभर पाणी, आणि प्रत्येक पॅनेलशी स्वतंत्र बोलणं. “तुझ्या डोक्यावर कबूतर बसतंय रोज. तू काय म्हणत न्हाईस त्येला?”

त्यांना एकच ध्यास होता: शून्य. विजेच्या बिलावर एकदा शून्य बघायचं. “सगळा जन्म त्या बिलाला भिऊन काढला,” ते म्हणायचे. “एकदा त्याला माझ्याम्होरं मान खाली घालताना बघू दे, मग मी मोकळा.” भाजीवालीला ठाऊक, वाण्याला ठाऊक, अज्जीला ठाऊक. थंडीत आकडा खाली आला, पण शून्य काही झाला नाही. इंजिनिअर म्हणाला, मार्च येऊ द्या, ऊन चांगलं असतं, नक्की होईल. झालं, अण्णांनी मार्चकडे डोळे लावले.

मार्चकडे घरातलं आणखी एक माणूस डोळे लावून होतं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

अक्काबद्दल मी आत्तापर्यंत बोलले नाही, कारण त्या घरात तिच्याबद्दल बोलायला अण्णा फारशी जागाच सोडत नसत. ठेंगणी, गोरी, कामात घाईची आणि बोलण्यात निवांत. दर उन्हाळ्यात ती गव्हाच्या कुरडया घालायची. घर बांधलं तेव्हापासून, एकतीस वर्षं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळायचा, शिजवायचा आणि पहाटे उठून गच्चीवर धोतर पसरून सोऱ्यानं पाडायच्या. बंगळुरूत पुण्या-कोल्हापूरकडची, बेळगावकडची पाच-सहा घरं होती, त्यांच्याकडे अक्काच्या कुरडया गेल्याशिवाय उन्हाळा सुरू व्हायचा नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा परदेशी गेला, सगळं तिला कुरडयांच्या डब्याबरोबर कळायचं.

त्या मार्चमध्ये गहू भिजले, चीक निघाला. चीक ढवळून दमलेली अक्का सकाळी पातेलं घेऊन वर गेली आणि पातेलं घेऊनच खाली आली.

“अहो, गच्ची कुठं हाय?”

अण्णा फोनवर पॅनेलांच्या विजेचा आलेख बघत होते. “वर हाय की.”

“वर पॅनेलं हायत. पॅनेलाखाली सावली हाय. कुरडया कुठं घालू?”

अण्णांनी मान वर केली. खरं सांगते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवाळीत पॅनेलं बसली तेव्हा गच्चीवर काही वाळत नव्हतं, म्हणजे गच्ची मोकळी. फिटरचं डोकं! जागा दिसली की माप घेतलं.

“कोपऱ्यात घाल की स्वल्प.”

“कोपऱ्यात पाण्याची टाकी हाय.”

अण्णा दोन दिवस विचारात पडले आणि तिसऱ्या दिवशी एक यंत्र घेऊन आले. चौकोनी पेटी, आत जाळ्यांचे खण, मागे पंखा. भाज्या-फळं वाळवायचं यंत्र. “विजेवर चालतंय. आणि वीज कशाची? उन्हाची! म्हंजे झालं का न्हाई तुझं उन्हातच वाळवण?”

अक्कानं पेटीभोवती एक चक्कर मारली. “वर ऊन पडतंय. ते तारेतनं खाली आणायचं. त्येची वीज करायची. त्या विजेचं ह्यात परत ऊन करायचं. आणि त्यात माझ्या कुरडया ठेवायच्या?”

“व्हय!”

“तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?”

तरी तिनं नवऱ्याचा मान राखला आणि एक घाणा त्यात घातला. कुरडया वरून तपकिरी झाल्या आणि आतून चिकट राहिल्या. तळल्यावर फुलल्या नाहीत, नुसत्या तेलात बसल्या. अण्णांनी एक खाल्ली आणि म्हणाले, “वाईट न्हाई.” ती त्यांच्या दातांना इतकी चिकटली होती की त्यांना दुसरं काही बोलताच आलं नाही. मी हसत सुटले. अक्का हसली नाही. तिनं पेटी पुसली, वायर गुंडाळली आणि म्हणाली, “सरी.”

हा कन्नड ‘सरी’ वाण्याकडे ऐकला तर नुसता ‘बरं’. अक्काच्या तोंडून आला की समजायचं, विषय कायमचा मिटला. भांडत होती तोवर ठीक होतं. त्यानंतर चार दिवस ती प्रत्येक गोष्टीला सरी म्हणत राहिली. चहात साखर कमी पडली, सरी. पाहुणे येणार, सरी. आणि एका दुपारी मी जिन्यात असताना ती फोनवर बोलत होती, “यंदा न्हाई हो जमणार. न्हाई, तब्येत बरी हाय. जागा न्हाई.” असे तिनं पाच फोन केले. पाचव्या फोननंतर ती तिथंच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मला बघून म्हणाली, “ये गं, चहा घेतीस?” मला इतकं वाईट वाटलं की मी चहा नको असताना दोन कप प्यायले.

मग अण्णा पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस निपाणीला गेले. लग्नघरातली धग सोसत नाही, गर्दी सोसत नाही, असं काहीबाही सांगून अक्का मागे राहिली. रात्री बस गेली, आणि सकाळी ऊन वर येताच ती नव्या चिकाचं पातेलं घेऊन माझ्या दारात.

“वर चल. मला एकटीला हात पुरत न्हाई.”

“कुठे घालणार अक्का? जागा कुठाय?”

“जागा हाय की,” ती म्हणाली. “बारा पाट मांडून ठेवलेत.”

मी वर जाऊन बघितलं आणि मला तिचं म्हणणं पटलं, हे कबूल करते. काळं काचेचं गुळगुळीत पॅनेल, दक्षिणेकडे अलगद कललेलं, चटका बसेल असं तापलेलं, रविवारीच अंघोळ घातलेलं. कुरडयांसाठी यापेक्षा चांगला पाट देवानंही केला नसता. आम्ही चार पॅनेलांवर अण्णांचीच जुनी धोतरं पसरली, कडांना कपड्यांचे चिमटे लावले, आणि अक्कानं सोऱ्या फिरवायला सुरुवात केली. पांढऱ्याशुभ्र कुरडया ओळीनं पडत गेल्या. तिच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. मला तिनं वाटीभर गरम चीक तेल-मीठ घालून दिला आणि आम्ही दोघी टाकीच्या सावलीत बसून आत्यंतिक सुखात तो खाल्ला.

साडेअकराला माझा फोन वाजला. निपाणीहून अण्णा. मागे सनई.

“पोरी, वर जाऊन बघ की. ढग आलेत काय? आलेख निम्म्यावर आलाय.”

आभाळ इतकं निळं होतं की डोळे दुखावेत. मी म्हटलं, “हो अण्णा, आलेत. बरेच आलेत.”

“बंगळुरात? मार्चात?”

“काय सांगू अण्णा, काळोख झालाय.”

अक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पलीकडे अक्षता पडत होत्या आणि हा माणूस मांडवात उभा राहून माझी उलटतपासणी घेत होता. दुपारपर्यंत पाच फोन आले. सहावा आला नाही, तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण छे! दुसऱ्या दिवशी दहाला फाटकाशी इंजिनिअर हजर. अण्णांनी कंपनीत तक्रार नोंदवली होती: मोठा बिघाड, ताबडतोब माणूस पाठवा.

त्याला अडवणार कसं? तो जिना चढून गेला, आम्ही दोघी मागे. गच्चीच्या दारात तो थबकला. चार पॅनेलं, चार धोतरं, आणि त्यांवर शे-दीडशे कुरडया. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“संडिगे!” तो म्हणाला.

त्याच्या गावाकडे कुरडयांना संडिगे म्हणतात, आई अशाच घालायची आणि त्यानं तीन वर्षांत त्या खाल्ल्या नव्हत्या, असं त्यानं अक्काला कन्नडमध्ये सांगितलं. अक्कानं त्याला खाली नेऊन गेल्या वर्षीच्या डब्यातल्या चार तळून दिल्या. चार झाल्यावर आणखी चार. मग त्यानं तोंड पुसलं आणि आपलं कर्तव्य केलं. आम्हाला समजावलं की पॅनेलाचा थोडा भाग झाकला तरी सबंध ओळ मंदावते, झाकलेला भाग फाजील तापतो आणि पॅनेल कायमचं जाऊ शकतं. पुन्हा असं करू नका. आणि फॉर्मवर ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात इमानदारीनं लिहिलं: संडिगे. फोटो जोडला. तो फोटो आपोआप ग्राहकाच्या फोनवर जातो, हे त्यानं निघताना सांगितलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्का म्हणाली, “जाऊ दे. आता काय लपवायचं न्हाई.” तिनं कुरडया काढल्यासुद्धा नाहीत.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवी ओट्यावर ठेवली, चप्पल न काढता सरळ वर गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी सगळी पॅनेलं बघितली. मग एक कुरडई उचलली आणि बोटांत धरून मोडली. कट्कन आवाज आला.

“किती वेळ लागला वाळायला?”

“दीड दिवस,” अक्का म्हणाली.

“दीड?” क्षणभर त्यांच्यातला फिटर भारावून गेला. मग भानावर आले. “अगं, पण सांगायचंस की मला! पॅनेल जळलं असतं म्हणजे?”

“तुम्ही मला सांगितलंत काय?” अक्काचा आवाज चढला नव्हता. “एकतीस वर्षं ते ऊन माझं होतं. सकाळी नऊ ते चार, सगळी गच्ची. ऊन वाया जातंय, ऊन वाया जातंय म्हणून गावभर ताटली वाजवताय. माझ्याकडं काय वाया जात होतं?”

अण्णांनी मोडलेली कुरडई परत धोतरावर ठेवली आणि ते खाली गेले. त्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा झाले. ताटली वाजली नाही. मी अंघोळीला जायचीच विसरले.

चार वाजता इंजिनिअर परत आला. अण्णांनीच बोलावलं होतं. त्यानं वीज बंद केली, जोडण्या सोडवल्या, आणि कारखान्यातले जुने पाने घेऊन अण्णा स्वतः नट सोडवायला बसले. दक्षिणेकडची, सगळ्यात चांगल्या उन्हातली तीन पॅनेलं.

“अण्णा,” इंजिनिअर कळवळून म्हणाला, “मार्च आहे. नऊवर शून्य कधीच होणार नाही.”

“न्हाई होणार.”

“मग?”

अण्णांनी नट तोंडात धरला होता तो काढला. “शून्य काय तळून खायचंय?”

दुसऱ्या दिवशी अक्कानं तिथं धोतर पसरलं. लोकांना फोन केले: जमतंय, या डबे घेऊन. अण्णा उरलेल्या पॅनेलांच्या सावलीत खुर्ची टाकून, काठी घेऊन कावळे हाकत बसले. अकरा वाजता उठून त्यांनी वरूनच ताटली वाजवली, आणि परत बसून एक ओली कुरडई चोरून तोंडात टाकली. अक्कानं बघितलं. आणि दुसरी आपण होऊन त्यांच्या हातावर ठेवली.

महिना सरला आणि बिल आलं. आम्ही तिघं ओट्यावर होतो. अण्णांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. आकडा अगदी चिमुकला होता, पण शून्य नव्हता. अक्का भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“माझ्यामुळं आलं नव्हं ते?”

“तुझ्यामुळंच,” अण्णा म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की अण्णा, आजच्या दिवस तरी खोटं बोलायचंत! पण एरवी बिल आलं की ते फाईलला लावायचे, या वेळी त्यांनी लावलं नाही. चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून खिशावर हात ठेवला.

“चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला,” ते म्हणाले. “बायकोला काय घेतलंस, असं कुणी विचारलं तर दाखवाय माझ्याकडं काय नव्हतं. आता पावती हाय.”

अक्कानं भाजीचं ताट बाजूला सरकवलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “एकीवर भागवू नका. दर महिन्याला आणायची.”